घर की पाहुणे?

"मला काय, कुठलंही चालेल."

हे वाक्य ताईनं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, त्याला सुमार नाही. लहानपणी सफरचंदाची मोठी फोड की छोटी? मला काय, कुठलीही चालेल. खिडकीजवळची खाट की दाराजवळची? कुठलीही. तरुणपणी एका माणसानं तिला विचारलं होतं, शनिवारी भेटायचं की रविवारी? तेव्हाही ती हेच म्हणाली. तो कुठल्याच वारी आला नाही.

आता ती चौपन्न वर्षांची होती आणि गल्लीतले सगळे तिला ताई म्हणायचे. सुरुवात धाकट्या भावानं केली, मग त्याच्या मित्रांनी, मग मित्रांच्या आयांनी. हल्ली सत्तरीचे आजोबासुद्धा कोटाचं तुटलेलं बटण मुठीत धरून दारात उभे राहत आणि म्हणत, "ताई, आहात का?" ताई कुठे जाणार? ताई असायचीच.

ती कपडे शिवत नसे, दुरुस्त करत असे. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोपरावर विरलेल्या बाहीला रफू. "नवं घ्यायला लोक दुकानात जातात आणि जुनं जगवायला माझ्याकडे येतात," असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना तोंडातल्या टाचण्या जराही हलायच्या नाहीत.

घर म्हणजे एकामागे एक लावलेल्या खोल्या. पुढे बैठकीची खोली, मधे बाबांची, मग एक अरुंद बोळ, छोटंसं उघडं अंगण, आणि त्यापलीकडे पत्र्याच्या छपराखाली ताईची शिवणखोली. पाण्याचा एक जुना लोखंडी नळ पुढून निघायचा, बाबांच्या खाटेला लागून भिंतीवरून जायचा, अंगण ओलांडायचा आणि ताईच्या मशीनपासून हातभर अंतरावर मोरीत उतरायचा.

हा नळच खरा कामाचा होता. पाण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. त्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी दारातून हाक मारली तर कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा आधी उचलायचा, मग वळून बघायचा. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, आवाज गेला. डावा हात तेवढा राहिला. आणि एके दिवशी त्या डाव्या हातानं त्यांनी औषधाचा चमचा उचलून नळावर मारला.

टण्.

शिवणखोलीत ताईच्या कानाशीच वाजलं. ती धावत आली. तेव्हापासून त्यांची भाषा ठरली. ठरवली कुणीच नाही, ठरत गेली. दोन टोले म्हणजे पाणी. तीन म्हणजे लघवीचं भांडं. चार म्हणजे डोळ्यांवर ऊन येतंय, पडदा ओढ. आणि एक टोला म्हणजे काही नाही. नुसतं ये.

मशीन कितीही जोरात चालू असलं तरी तिला ते ऐकू यायचं. एका टोल्याला ती गेली, की बाबा नुसते बघायचे. मग ती खाटेच्या कडेवर टेकून गल्लीची बातमी सांगायची.

"त्या बँकवाल्या साहेबांची पँट परत आली, बाबा. तिसऱ्यांदा सैल करायला. आता शिवणीत कापडच उरलं नाही म्हटलं, आता तुम्हीच जरा शिवणीत या."

बाबांच्या ओठांचा डावा कोपरा वर जायचा. तेवढंच हसू त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते सगळं ते तिला द्यायचे.

दिवसभरात सर्वांत जास्त यायचा तो हाच टोला. एकच. टण्.

मग तीस जाकिटांचं काम आलं. एका हॉटेलचे सगळे वेटर, सगळ्यांच्या बाह्या लांब, आणि मुदत चार दिवसांची. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा वेळा टण् झालं. अकराच्या अकरा वेळा एकच. बाराव्याला ताई उठली ती कात्री हातात घेऊनच बाबांच्या दारात उभी राहिली.

"दर दोन मिनिटांनी काय टकटक, बाबा? मी पण माणूसच आहे ना? काही हवं असलं तरच बोलवत जा!"

बाबांनी चमचा ताटलीत ठेवला. हळूच, आवाज होणार नाही असा. बाबांनी एखादी वस्तू आवाज न करता ठेवलेली ताईनं जन्मात पहिल्यांदा पाहिली.

जाकिटं वेळेवर गेली. आणि त्याच आठवड्यात धाकटा आला.

धाकटा दूरच्या शहरात संगणकाच्या कचेरीत होता. वर्षातून दोनदा यायचा. यायचा तेव्हा पाठीवरच्या पिशवीतून एखादं यंत्र काढायचा आणि जाताना त्याचं रिकामं खोकं ठेवून जायचा. ताईच्या गुंड्या, चेनी, दोऱ्याची रिळं असल्या खोक्यांत राहायची. या वेळी तीन खोकी होती.

"टण्" झालं. त्या दिवसातलं पहिलंच. दोन टोले. ताई पाणी घेऊन गेली. धाकटा दारात उभा राहून बघत होता.

"ताई, हे काय गं? तुरुंगात वाजवतात तसं?"

"अरे, आम्हाला सवय झालीय."

"सवय कसली! नळाचा रंग उडालाय. आणि उद्या तू अंगणात कपडे वाळत घालत असलीस तर? बाजारात गेलीस तर?"

"बाजारात गेले तर तुझी ही मशिनं मला हाक मारणार का?"

"बाजारात नाही. पण घरात कुठेही. मोरीत असलीस तरी." तो जमिनीवर मांडी घालून खोकी फोडायला बसला. "हे बघ. हा राउटर, पुढच्या खोलीत. ही घंटी, बाबांच्या हाताशी. नुसतं दाबायचं, निळा दिवा लागतो आणि तुझा फोन वाजतो. आणि ही डबी तुझ्या खोलीत. तिथे रेंज पोचत नाही ना, ती पोचवायला."

दुपारभर तो वायरी ओढत होता. मधेच घामेजून बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, दोन नेटवर्कं केलीत. एक 'घर', घरातल्या वस्तूंसाठी. दुसरं 'पाहुणे', तुझ्या गिऱ्हाइकांसाठी. लोक ताटकळत बसतात ना तुझ्याकडे? बसू देत नेट बघत. त्याचा पासवर्ड एकदम सोपा ठेवलाय. याबसा एक दोन तीन."

"याबसा?"

"या, बसा. जोडून."

ताई खुदकन हसली. या पोराला लहानपणी तिनंच जोडाक्षरं शिकवली होती.

मग घंटीची परीक्षा झाली. बटण बाबांच्या डाव्या हाताशी चिकटवलं होतं. धाकट्यानं त्यांचा अंगठा धरून दाबला. निळा दिवा लागला आणि धाकट्याच्या खिशात फोन एकदम सनई वाजवल्यासारखा गाऊ लागला. बाबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी स्वतः दाबलं. निळा दिवा, गाणं. पुन्हा दाबलं. पाच वेळा, सहा वेळा.

"पुरे, पुरे, बाबा! फोन नाचायला लागेल!" धाकटा हसत होता. बाबांच्या ओठांचा डावा कोपराही वर होता.

धाकट्यानं चमचा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

निघायची वेळ झाली तरी ताईच्या फोनचं राहिलंच होतं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता. एका पायात बूट घालत धाकट्यानं तिच्या फोनवर घंटीचं चित्र असलेलं अ‍ॅप उतरवून दिलं.

"आता याला नेटला जोडायचं. कुठल्याला जोडू? 'घर' की 'पाहुणे'? 'घर'चा पासवर्ड बारा अक्षरांचा आहे, मोठी-छोटी सगळी मिसळून. थांब, कागद कुठे ठेवला मी..."

हॉर्न पुन्हा वाजला.

"मला काय," ताई म्हणाली, "कुठलंही चालेल. तुझी गाडी चुकेल बघ."

"नेट शेवटी नेटच," असं पुटपुटत त्यानं याबसा एक दोन तीन टाकलं, दुसरा बूट घातला आणि गेला.

शिवणखोलीत मात्र रेंज येईना. डबी भिंतीत लावली होती, पण तिच्यावर लाल दिवा. एक दिवस ताईनं दर दहा मिनिटांनी उठून डोकावण्यात काढला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नेटवाल्याला बोलावलं. हा मोठ्या पोटाचा, बोलघेवडा माणूस. शिडीपेक्षा खुर्ची बरी मानणारा.

"डबी इथे कुणी लावली?"

"भावानं. संगणकातला आहे तो."

"म्हणूनच." नेटवाल्यानं डबी उपटली. "ताई, ही डबी म्हणजे निरोप्या. पुढच्या खोलीतला निरोप ऐकायचा आणि मागे सांगायचा. निरोप्याला तुम्ही बसवलंत कुठे? जिथे काही ऐकूच येत नाही तिथे! मग तो सांगणार काय, कपाळ? त्याला मधे बसवायचं. जिथे पुढचं थोडं ऐकू येतं आणि मागचंही फार लांब नाही, तिथे."

अशी जागा घरात एकच होती. बाबांच्या दाराबाहेरचा बोळ. तिथे डबी बसवली. दिवा हिरवा झाला. ताई शिवणखोलीत जाऊन उभी राहिली आणि तिच्या फोनवर रेंजच्या सगळ्या पट्ट्या भरल्या.

"काय? फुल्ल?"

"फुल्ल!"

"मग झालं तर." नेटवाल्यानं डोकावून तिचा फोन बघितला. "पाहुणे? हे काय नाव आहे?"

"गिऱ्हाइकांसाठी केलंय."

"छान. चालतंय की पण. घंटी वाजवून बघायची का एकदा?"

ताईनं बाबांच्या खोलीत डोकावलं. बाबा डोळे मिटून पडले होते. "झोप लागलीय आत्ताच. नको उठवायला. परवा भावापुढे सात-आठ वेळा वाजली की."

"मग काय प्रश्नच नाही," नेटवाला म्हणाला. त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण लोंबत होतं. तिनं ते उभ्या-उभ्या लावून दिलं.

आणि घर शांत झालं.

पहिल्या दिवशी घंटी वाजली नाही तेव्हा ताईला वाटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, घंटीची सवय व्हायला वेळ लागेल. तिसऱ्या दिवशी तिला कात्री हातात घेऊन दारात उभी असलेली ती स्वतः आठवली आणि तिची खात्रीच पटली. त्या दिवसाचं मनाला लावून घेतलंय त्यांनी. काही हवं असलं तरच बोलवा म्हणाले ना मी.

ती ठरल्या वेळी जातच होती. सकाळी, जेवणाला, दुपारी चारला, संध्याकाळी. भांडं देत होती, कूस बदलत होती, भरवत होती. फक्त मधल्या वेळात कुणी तिला बोलावत नव्हतं. एका बैठकीत तिनं सहा पडदे संपवले. कित्येक महिन्यांत एक शिवण न थांबता शेवटपर्यंत गेली नव्हती, आता लागोपाठ जात होत्या. मनातून बरं वाटत होतं. आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

"बाबा कसे आहेत?" धाकट्यानं फोनवर विचारलं.

"शांत आहेत."

"बघ! म्हटलं नव्हतं मी? बटण हाताशी आहे म्हटल्यावर माणसाला धीर येतो. उगाच दाबावंसं वाटत नाही."

"असेल," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर बाबांची चादर होती. त्या आठवड्यात ती तीनदा ओली झाली होती. आधी कधी झाली नव्हती. तीन टोल्यांत ती पोचायचीच. आणि बाबा आता दाराकडे तोंड करून पडत नव्हते. ती भरवायला बसली की तोंड उघडत, पण बघत भिंतीकडे.

"बाबा, रागावलात का माझ्यावर?" तिनं एकदा विचारलं. "मी तेव्हा फार बोलले. कामाचं ओझं डोक्यावर होतं हो. आता बोलवा ना. हवं तेव्हा बोलवा. एकदा दाबा की मी आलेच."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की तिच्या हातातला घास तसाच राहिला. राग असता तर तिला कळला असता. त्यांचा राग तिच्या ओळखीचा होता, तो या घरात भांडी हलवायचा. हे काहीतरी निराळंच होतं. एखाद्या अनोळखी माणसानं आपल्याला आपल्याच घराचा पत्ता विचारावा, आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसं.

अकराव्या दिवशी दुपारी ती पुन्हा चादर बदलत होती. त्यांना कुशीवर वळवताना त्यांचा हात बटणावर पडला आणि निळा दिवा लागला.

तिच्या एप्रनच्या खिशात फोन होता. रेंज भरलेली. आवाज मोठा केलेला.

काही वाजलं नाही.

ताईनं बटण दाबलं. निळा दिवा. फोन गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग ती वेड्यासारखी दाबतच सुटली, निळा, निळा, निळा, आणि दाबता दाबता तिचं लक्ष बटणाकडे गेलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या मधोमध अंगठ्याएवढी जागा मळून करडी झाली होती. अकरा दिवसांत.



निळा दिवा लागत होता ना! प्रत्येक वेळी लागत होता. त्याचा अर्थ बाबांना एकच माहीत होता: ताईला ऐकू गेलं. दिवा लागला, ऐकू गेलं, आणि ती आली नाही. पाणी हवं होतं, ऐकू गेलं, आली नाही. भांडं हवं होतं, ऐकू गेलं, आली नाही. आणि चार वाजता ठरल्या वेळी हसत दारात उभी: "बाबा, रागावलात का?"

"बाबा, वाजतच नव्हती हो!" तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. "मला ऐकूच आलं नाही! बघा ना, हा बघा फोन, दाबते बघा, बघा, वाजतोय का? नाही ना? बाबा, शपथेवर सांगते, मला एकदाही..."

झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना काही-काही कळेल. काय कळेल आणि काय नाही, ते तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. बाबांनी ऐकून घेतलं. छापखान्यात उशिरा येणाऱ्या पोरांची कारणं ऐकून घ्यायचे तसं. मग डोळे मिटले.

नेटवाला अर्ध्या तासात आला. त्यानं तिचा फोन घेतला, एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो ताई, तुम्ही पाहुण्यांत आहात."

"म्हणजे?"

"घंटी आहे 'घर'वर. तुम्ही 'पाहुणे'वर. पाहुण्याला नेट मिळतं, पण घरातल्या वस्तूंशी बोलता येत नाही. घरातली घंटी त्याला ऐकू येत नाही. तेवढ्यासाठीच तर पाहुण्यांचं वेगळं करतात."

"पण मी पाहुणी नाही," ताई म्हणाली. "मी जन्मापासून इथेच आहे."

"फोनला काय माहीत, ताई." मग त्याचा आवाज उतरला. "माझं पण चुकलं. नाव वाचलं होतं मी. डोक्यात आलंच नाही."

तिनं धाकट्याला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण ताई, मी विचारलं होतं तुला. घर की पाहुणे, विचारलं होतं ना?"

"हो रे. विचारलं होतंस."

"मग?"

"मग काही नाही. पासवर्ड सांग."

त्यानं एकेक अक्षर सांगितलं आणि तिनं ते खडूनं कापायच्या टेबलावर लिहून घेतलं. दोन मिनिटांचं काम. नेटवाल्यानं पुढे जाऊन बटण दाबलं आणि शिवणखोलीत तिचा फोन सनईसारखा गाऊ लागला. इतका गोड आवाज. ताईला तो ऐकवेना.

त्या संध्याकाळी तिनं बाबांचा अंगठा बटणावर ठेवला, आपला हात वर ठेवला, दाबला. फोन गायला. "ऐकलंत? आता येतंय ऐकू. दाबा तुम्ही." तिनं हात काढला. अंगठा बटणावरून घसरून चादरीवर पडला.

दुसऱ्या दिवशी दाबलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ती मुद्दाम एक वेळ उशिरा गेली, बघू तरी बोलवतात का. चादर ओली होती आणि बाबा भिंतीकडे बघत होते.

मग तिनं स्वयंपाकघरातून चमचा आणला, पुसला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. बोटं मिटली. जुन्या सवयीनं मिटली. ताई पळत, अक्षरशः पळत, शिवणखोलीत गेली आणि नळापाशी उभी राहिली. किती तरी वेळ. मोरीत एक थेंब पडला. तिनं कात्रीचा दांडा उचलला आणि नळावर आपल्या बाजूनं मारला. एकच.

टण्.

नळ धातूचा होता. मधे डबी नव्हती, पासवर्ड नव्हता. आवाज पलीकडे पोचला असणार, यात शंकाच नव्हती. पोचतो हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

उत्तर आलं नाही. तिनं जाऊन पाहिलं. चमचा ताटलीत होता. आवाज न करता ठेवलेला.

आता ती दर अर्ध्या तासानं उठते. बोलावलं म्हणून नाही, नसतंच बोलावलं. खाटेच्या कडेवर टेकते, गल्लीची बातमी सांगते. बँकवाल्या साहेबांची पँट चौथ्यांदा आली. ओठांचा डावा कोपरा आता हलत नाही. ती सांगते, उठते, जाते. शिवण मधेच थांबलेली असते, ती पुन्हा सुरू करते. जोड दिसतो. गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही, तिच्या येतो.

परवा एक बाई कोट घेऊन आली. अस्तर बदलायचं होतं. "थांबू का इथेच?" म्हणाली आणि स्टुलावर बसून फोन काढला. "ताई, नेट आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे ना. पाहुणे नावाचं. याबसा एक दोन तीन."

"अय्या! मस्त आहे हो रेंज. मागच्या खोलीत असून फुल्ल!" बाई म्हणाली. "आणि अस्तर कुठलं लावणार? काळं की करडं? तुम्हीच सांगा, तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

ताईनं तोंड उघडलं. आणि मग चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं, मान नळाकडे कलती केली.

"काय झालं?" बाईनं विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "काळं."